हाक आली म्हणजे रोटी मिळाली असं नाही

मी फौजेत सिग्नल्समध्ये होतो. निवृत्तीनंतर जबलपूरला स्थायिक झालो आणि गेली काही वर्षं संध्याकाळी इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना प्रोग्रॅमिंग शिकवतो. आजचा विषय एका शब्दाचा आहे. सॉफ्टवेअरच्या एका लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये उदाहरण म्हणून चार ओळी छापलेल्या होत्या. त्यातला एक शब्द चुकीचा होता. तो शब्द बदलायला काय काय करावं लागलं, ते सांगायचं आहे.

ज्यांनी कधी कोड लिहिलेला नाही त्यांनी उठून जाऊ नये. ज्याला रांगेत उभं राहता येतं त्याला हा विषय समजतो.

लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधी लिहून ठेवलेला कोड, जो आपण आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरतो. तो कसा वापरायचा हे सांगणारी पानं म्हणजे डॉक्युमेंटेशन. आणि या पानांमधलं लोक काय वाचतात? परिच्छेद कुणी वाचत नाही. लोक उदाहरण शोधतात, ते उचलतात आणि आपल्या फाइलमध्ये चिकटवतात. पानावर दहा सूचना बरोबर असल्या आणि उदाहरण चूक असलं, तर जगात पसरतं ते उदाहरण.

आता थ्रेड. एका प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी काम करणारे अनेक हात असतात, त्यातला प्रत्येक हात म्हणजे एक थ्रेड. फौजेतल्या लंगरचं चित्र डोळ्यासमोर आणा. लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर आणि तिथला आचारी म्हणजे लांगरी. समजा एक खिडकी आहे. खिडकीशी एका वेळी एकच माणूस उभा राहू शकतो, मग तो रोटी ठेवणारा लांगरी असो की रोटी घेणारा जवान. प्रोग्रॅममध्ये या नियमाला लॉक म्हणतात. खिडकीत टोपली आहे. जवान खिडकीशी येतो, टोपलीत बघतो. रोटी असली तर घेऊन जातो. नसली तर खिडकी अडवून उभा राहत नाही, कारण मग लांगरीलाही रोटी ठेवता येणार नाही. तो खिडकी सोडतो आणि बाजूच्या बाकावर जाऊन झोपतो. यालाच वेट म्हणतात. लांगरी रोटी ठेवतो आणि बाकाकडे बघून हाक मारतो. ते नोटिफाय.

इथपर्यंत सरळ आहे. आता त्या उदाहरणातला कोड मी लंगरच्या भाषेत लिहून दाखवतो:

खिडकी धर
जर टोपली रिकामी असेल तर थांब
रोटी उचल
खिडकी सोड

वाचताना यात काहीच चूक दिसत नाही. शंभर वेळा चालवा, शंभर वेळा चालेल. पण बाकावरचा जवान हाक ऐकून उठला, तो लगेच खिडकीशी पोचत नाही. खिडकी मोकळी होण्याची वाट त्यालाही बघावी लागते. तेवढ्या वेळात ड्यूटीवरून थेट आलेला तिसराच जवान खिडकीशी पोचतो, टोपलीत बघतो, रोटी असते, घेतो आणि जातो. त्याने नियम मोडलेला नाही. आता आपला जवान खिडकीशी येतो. त्याच्या हातातल्या आदेशात ‘थांब’च्या पुढची ओळ आहे ‘रोटी उचल’. तो टोपलीत न बघता हात घालतो.

माणूस असता तर रिकामा हात बघून हसला असता. प्रोग्रॅम हसत नाही.

काय होतं ते सांगतो, कारण ते माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या बाबतीत झालं. तिसऱ्या वर्षाला होती. एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबसाठी ती प्रोग्रॅम लिहीत होती. तपासणीच्या मशिनमधून निकाल येतात, ते एका रांगेत पडतात, आणि थ्रेड ते रांगेतून उचलून रुग्णाच्या नोंदीत चढवतात. रांगेसाठी तिने ते उदाहरण जसंच्या तसं घेतलं होतं. सुरुवातीला निकाल उचलणारा थ्रेड एकच होता. काम सावकाश होतंय म्हणून तिने दुसरा जोडला. त्यानंतर चाचणीच्या आठवड्यात लॅबमधल्या टेक्निशियन बाईंनी कागदाच्या रजिस्टरशी ताळा करताना तिला विचारलं, की एका नमुन्याचा हिमोग्लोबिनचा निकाल दोनदा चढलाय आणि त्याच्या पुढच्या नमुन्याचा आलेलाच नाही, हे कसं?

मला ही जोडी फार बोलकी वाटली. एक दोनदा, आणि पुढचा गायब. रांग म्हणजे गोल मांडलेले खण होते. किती खण भरलेत याचा एक आकडा, पुढचा निकाल कुठून उचलायचा याची एक खूण, आणि नवा कुठे ठेवायचा याची दुसरी. रांग रिकामी असताना एका थ्रेडने हात घातला. खणात जुन्याच एका निकालाची प्रत पडलेली होती, ती त्याने उचलली आणि चढवली. झाला दोनदा. उचलल्याची खूण एक घर पुढे सरकली आणि भरलेल्या खणांचा आकडा शून्यावरून उणे एक झाला. मग मशिनमधून पुढचा निकाल आला. तो ज्या खणात पडला, त्याच्यावरून उचलण्याची खूण आधीच पुढे गेलेली. आकडा उणे एकचा शून्य झाला, म्हणजे सगळ्यांच्या लेखी रांग रिकामी. तो निकाल तिथेच पडून राहिला. त्यानंतरचे सगळे निकाल व्यवस्थित.

कुठेही लाल अक्षरात काही उमटलं नाही. प्रोग्रॅम बंद पडला नाही. रजिस्टरवाल्या बाई नसत्या तर एका रुग्णाचा अहवाल ‘प्रलंबित’ म्हणून राहिला असता आणि घरच्यांनी लॅबला फोन करत बसायचं. चाचणीतच सापडलं, बरं झालं. (ताळ्यासाठी कागदाचं रजिस्टर ठेवणाऱ्या माणसांना जुनाट म्हणायची पद्धत आहे. मी म्हणत नाही.)

अशा चुका मोठ्या ठिकाणी होतात तेव्हा काय होतं? 14 ऑगस्ट 2003 ला अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ऑन्टारिओ प्रांत अंधारात गेला. सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली. सुरुवात तारा झाडांना टेकण्यापासून झाली होती. पण ओहायोमधल्या ज्या कंट्रोल रूमला ते कळायला हवं होतं, तिथली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा तासाभराहून जास्त वेळ मुकी झालेली होती, आणि ती मुकी झाली आहे हेही समोर बसलेल्यांना कळलं नव्हतं. कारण असं निघालं, की प्रोग्रॅममधले दोन हात एकाच वेळी एकाच माहितीच्या साठ्यात घुसले होते. आपल्या लंगरमधली चूक अगदी तीच नाही, पण घराणं तेच. आणि ती शोधायला जाणकार माणसांना आठवडे लागले, कारण ती मागाल तेव्हा घडून दाखवत नाही.

आता दुरुस्ती बघा:

खिडकी धर
जोवर टोपली रिकामी आहे तोवर थांब
रोटी उचल
खिडकी सोड

‘जर’च्या जागी ‘जोवर’. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ‘इफ’च्या जागी ‘व्हाइल’. उठलेला जवान खिडकीशी आला की आधी परत टोपलीत बघतो. रिकामी असली तर पुन्हा बाकावर. बस, एवढंच.

मग मुळात ‘जर’ लिहिणारा माणूस बेफिकीर होता का? अजिबात नाही, आणि हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्याच्यामागे इतिहास आहे. 1974 मध्ये टोनी होअर यांनी मॉनिटर या कल्पनेवर एक निबंध लिहिला. आजचं लॉक आणि वेट यांचं लग्न त्या काळात लागलं. डेन्मार्कचे पेर ब्रिंच हान्सन हेही त्याच विचारातले. होअर यांच्या व्यवस्थेत लांगरी नुसती हाक मारत नाही. तो बाकावरच्या जवानाचा हात धरून त्याला थेट खिडकीशी उभं करतो आणि स्वतः बाजूला होतो. मध्ये तिसरा माणूस शिरूच शकत नाही. त्या व्यवस्थेत ‘जर’ पूर्णपणे बरोबर आहे! परत बघायची गरजच नाही.

पुढे कॅलिफोर्नियात पालो आल्टोला झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात मेसा नावाची भाषा तयार झाली. बटलर लॅम्पसन आणि डेव्हिड रेडेल यांनी 1980 मध्ये तिच्या अनुभवावर लेख लिहिला. हात धरून नेण्याचा खर्च त्यांना जास्त वाटला, कारण दर वेळी काम चालू असलेल्याला थांबवून दुसऱ्याला आणावं लागतं. त्यांनी ठरवलं, की हाक ही नुसती सूचना मानायची. उठलेल्याने स्वतः येऊन खात्री करायची. आज आपण जे वापरतो, म्हणजे पीथ्रेड्स, जावा, पायथन, सी प्लस प्लस, ते सगळं या दुसऱ्या घराण्याचं आहे. पाठ्यपुस्तकात मात्र कित्येक जण आधी होअर शिकतात. पुस्तक एका पद्धतीचं आणि यंत्र दुसऱ्या पद्धतीचं, त्या फटीत हा ‘जर’ जगतो.

त्यात आणखी एक भर. या व्यवस्थांमध्ये जवान कधीकधी कुणीच हाक न मारता उठू शकतो. त्याला स्प्युरियस वेकअप म्हणतात, आपण भास म्हणू. अनेक प्रोसेसरच्या यंत्रावर ‘भास कधीच होणार नाही’ अशी हमी द्यायची तर प्रत्येक हाक महाग पडते. म्हणून हमी देत नाहीत, आणि ‘परत बघा’ असं सांगतात. 2004 च्या जावा 5 च्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं होतं आणि वेट नेहमी लूपमध्येच ठेवा असं उदाहरणासह सांगितलं होतं.

तर आमच्या मुलीने त्या लायब्ररीच्या कर्त्याला कळवलं. लायब्ररी छोटी आहे, नाव घेत नाही. तो गृहस्थ फावल्या वेळात ती सांभाळतो. त्याचं उत्तर आलं, आणि ते सभ्य होतं. म्हणाला, उदाहरणात रोटी घेणारा एकच आहे. एकाला ‘जर’ पुरतं. नवशिक्यांसाठी उदाहरण सोपं असावं.

मुलगी नाराज झाली. मला म्हणाली, “सर, तो ऐकणार नाही.” मी म्हटलं, तू त्याला मत पाठवलंस, आता पुरावा पाठव. मतावर माणूस मत देतो.

पुरावा कसा तयार केला ते ऐका, हे सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. लाखात एकदा होणारी चूक दर वेळी घडवून दाखवायची होती. त्या उदाहरणात लांगरी एका जवानाला नव्हे, बाकावरच्या सगळ्यांना हाक मारत होता, म्हणजे नोटिफाय-ऑल. मग सोपं झालं. दोन जवान बाकावर बसवा. दोघंही झोपले याची खात्री करा. टोपलीत एकच रोटी ठेवा. सगळ्यांना हाक मारा. दोघंही उठतात, एकामागून एक खिडकीशी येतात. पहिला रोटी घेतो. दुसरा न बघता हात घालतो. इथे योगायोगाला जागाच नाही, दर वेळी फसतं. तीसेक ओळींचा प्रोग्रॅम झाला. त्यात उदाहरणाचा कोड अक्षरही न बदलता ठेवला होता. खाली एक वाक्य: हाच प्रोग्रॅम, फक्त ‘इफ’चं ‘व्हाइल’ करून चालवावा.

सोबत तिने दोन मुद्दे लिहिले. एक, रोटी घेणारा एकटा असला तरी भास होऊ शकतो, तेव्हा ‘एकाला पुरतं’ हेही खरं नाही. दोन, उदाहरण वाचणारा ते उचलल्यावर दुसरा थ्रेड जोडणारच, आणि जोडताना ती ओळ बदलायला हवी हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. लॅबचा किस्सा तिने लिहिला नाही. मी लिही म्हटलं होतं. ती म्हणाली, लॅबवाल्यांना विचारल्याशिवाय कसं लिहू? बरोबर होतं तिचं.

चार दिवसांनी शब्द बदलला गेला. शिवाय कर्त्याने उदाहरणातच वर एक ओळ टाकली: उठल्यावर अट परत तपासावी लागते, म्हणून लूप. ही ओळ मला शब्दाच्या दुरुस्तीइतकीच मोलाची वाटते. नाहीतर दोन वर्षांनी कुणीतरी हुशार माणूस येईल, ‘इथे लूप कशाला?’ म्हणेल आणि पुन्हा ‘जर’ करून ठेवेल. फौजेत स्टँडिंग ऑर्डरमध्ये कारण लिहीत नाहीत, फक्त काय करायचं ते लिहितात. तिथे ते चालतं, कारण विचारायला शेजारी सुभेदार साहेब असतात. डॉक्युमेंटेशन वाचणारा पोरगा रात्री दोन वाजता एकटा बसलेला असतो.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मुलीने पुढचा प्रश्न काढला, आणि तो जास्त रंजक आहे. ती म्हणाली, “सर, जवान कायम बाकावर बसणार नसेल तर? दहा मिनिटं वाट बघून जाणार असेल तर?” म्हणजे मुदत असलेला वेट. आम्ही जावाच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये बघितलं, कारण जावा म्हणजे या विषयातलं मोठं घर.

जावा 8 च्या पानावरचं उदाहरण आपल्या भाषेत असं होतं:

जोवर टोपली रिकामी आहे तोवर
दहा मिनिटं थांब

‘जोवर’ आहे, भासाचा बंदोबस्त आहे. पण जरा कागदावर चालवून बघा. दहा मिनिटं झाली, रोटी आली नाही, जवान उठला. टोपलीत बघितलं, रिकामी. लूप म्हणतो, थांब. पुन्हा दहा मिनिटं. मग पुन्हा दहा. रोटी आलीच नाही तर हा जवान तिथेच म्हातारा होणार. आणि नवव्या मिनिटाला कुणी उगाच हाक मारली तर मोजणी परत शून्यापासून. मुदत लिहिलेली आहे, पण तिला काही अर्थ उरलेला नाही. एक चूक दुरुस्त करणाऱ्या उदाहरणातच दुसरी बसलेली होती, आणि तीही जगातल्या सगळ्यात जास्त वाचल्या जाणाऱ्या पानांपैकी एकावर.

हे बघितल्यावर मला गस्तीचे हुकूम आठवले. रात्री दोन तुकड्या एका ठिकाणी भेटायच्या असतात, त्याला आम्ही आर.व्ही. म्हणतो. तिथे ‘वीस मिनिटं थांबा’ एवढंच सांगून भागत नाही. वीस मिनिटं कधीपासून? पोचल्यापासून? पाऊल वाजल्याचा भास झाला तेव्हापासून? म्हणून हुकूम असा: ‘0410 पर्यंत थांबा, मग पुढच्या आर.व्ही.कडे.’ मुदत घड्याळाच्या काट्याला बांधलेली. मध्ये कितीही वेळा कान टवकारले तरी 0410 हलत नाही.

जावाची दुरुस्ती नेमकी हीच आहे. 2021 मध्ये आलेल्या जावा 17 च्या पानावर लूपच्या अटीत दोन गोष्टी आहेत: अट पुरी झालेली नाही आणि मुदत संपलेली नाही. आत एक टिपणी आहे, की प्रत्येक फेरीत उरलेला वेळ नव्याने काढा. लंगरच्या भाषेत:

जोवर टोपली रिकामी आहे आणि 0410 वाजले नाहीत तोवर
0410 ला उरलेला वेळ काढ
तेवढाच थांब

लूपमधून बाहेर आल्यावर टोपलीत एकदा बघायचं: रोटी मिळाली म्हणून बाहेर आलो, की वेळ संपली म्हणून? दोन्हीसाठी पुढचं काम वेगळं. आणि यातलं घड्याळ भिंतीवरचं नको. कॉम्प्युटरचं भिंतीवरचं घड्याळ मधेच कुणीतरी जुळवतं, ते मागेपुढे उडी मारतं. फक्त पुढे मोजत जाणारं घड्याळ हवं, जावात त्यासाठी नॅनोटाइम आहे. पायथनमध्ये वेट-फॉर आणि सी प्लस प्लसमध्ये वेट-अन्टिल, अट सोबत दिली तर, हे लूप स्वतःच चालवतात. मिळत असतील तर तेच वापरा. हाताने लूप लिहिण्याची हौस थ्रेडच्या बाबतीत करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एक व्यावहारिक अडचण. फौजेत पुस्तिकेत दुरुस्ती निघाली की तिची चिठ्ठी येते. कारकून बसून प्रत्येक प्रतीत ती चिकटवतो आणि पहिल्या पानावर कितवी दुरुस्ती लावली त्याची नोंद करतो. तपासणीला आलेला अधिकारी आधी ते पान उघडतो. इंटरनेटवर पान दुरुस्त होतं, पण 2015 साली त्या पानावरून कुणी उचललेल्या ओळींमध्ये चिठ्ठी चिकटवायला कोण जाणार? त्या ओळी तशाच कुठल्यातरी दुकानाच्या बिलिंगमध्ये, कुठल्यातरी शाळेच्या हजेरीत चालू आहेत. शिवाय शोधल्यावर कित्येकदा जुन्याच आवृत्तीचं पान आधी येतं. तेव्हा पानावर आवृत्तीचा आकडा कुठे लिहिलाय ते आधी बघा.

आणि आज हे ऐकून झाल्यावर एक काम करा. ज्यांचा जुना कोड पडलेला आहे त्यांनी त्यात ‘वेट’ हा शब्द शोधावा. जिथे जिथे सापडेल तिथे त्याच्या वरची एक ओळ वाचावी. तिथे ‘इफ’ दिसला तर मला कळवा, आणि सोबत तो कोड कुठल्या पानावरून उचलला होता तेही आठवत असेल तर लिहा. ती पानं अजून दुरुस्त व्हायची असतील. आमच्या वर्गात आता आठ जण आहेत, तीस ओळींचा प्रोग्रॅम तयार आहे.